लाकडाला अंगाचं माप : रायफलच्या दस्त्याचे साधे फर्मे

दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर मधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. हल्ली गुण दशांशात मोजतात. सर्वोत्तम नेम १०.९ चा; छर्रा केंद्रापासून पाव मिलिमीटर सरकला की एक दशांश गेला. आता एक साधं गणित करून बघा. रायफलच्या मागच्या आणि पुढच्या साइटमध्ये साधारण ८० सेंटिमीटर अंतर धरलं, तर दहा मीटरवर त्या रेषेतली चूक साडेबारा पट होते. मागची साइट वहीच्या एका कागदाच्या जाडीइतकी, म्हणजे ०.१ मिलिमीटर, बाजूला राहिली तर टार्गेटवर सव्वा मिलिमीटरचा फरक पडतो आणि १०.९ चा नेम १०.४ वर येतो. साठ गोळ्यांच्या फेरीत अशी चूक पुन्हा पुन्हा झाली, तर अंतिम फेरी हातची गेलीच म्हणायची.

ही चूक बहुतेक वेळा नळीची नसते, साइटचीही नसते. गाल दर वेळी त्याच जागी टेकला नाही, खांद्यात बटप्लेट, म्हणजे दस्त्याच्या मागच्या टोकाची पट्टी, थोडी वर बसली, मुठीवर मनगट पिळलं गेलं, अशी तिची कारणं असतात. माणूस आणि रायफल यांची गाठ पडते ती दस्त्यावर. नेमबाज त्याला ‘स्टॉक’ म्हणतात. नळी आणि चाप कारखान्यात एका मापाचे बनतात आणि सगळ्यांना चालतात. दस्ता मात्र ज्याचा त्याला लागतो, कारण मान, खांदा, हात आणि बोटं ज्याची त्याची असतात. म्हणून जगभर चांगले नेमबाज आपला दस्ता कोरून, घासून, भर घालून अंगाला बसवून घेतात. हे काम लाकडाचं आहे आणि त्यात सुताराचा हात लागतो. त्या हाताला वाट दाखवायला लागतात ते अगदी साधे फर्मे आणि गेज. या लेखात मला त्यांच्याबद्दलच लिहायचं आहे.

कोल्हापूर जिल्ह्यात बसून हा विषय काढायला कारण आहे. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये, फ्रान्समधल्या शातोरूच्या रेंजवर, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक घेतलं. या प्रकारात ऑलिंपिक पदक मिळवणारा तो पहिला भारतीय. गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून अशा तीन पवित्र्यांत हा खेळ होतो. पहिल्या दोन पवित्र्यांत मागे असलेला स्वप्नील उभ्याच्या पवित्र्यात वर सरकला. उभ्यानं रायफल धरणं सगळ्यांत अवघड, कारण शरीराला जमिनीचा आधार फक्त पायांपुरता. डावं कोपर कमरेवर टेकतं, हाडांवर हाडं रचली जातात आणि सगळं वजन दस्त्याच्या पुढच्या भागावरून हातात उतरतं. तिथं दस्त्याची उंची बोटभर चुकली, तर त्या उंचीसाठी पाठ वाकते आणि अर्ध्या तासात थरथर सुरू होते.

त्याच्याआधी तेजस्विनी सावंत. २०१० साली म्युनिकच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ५० मीटर रायफल प्रोनमध्ये, म्हणजे पालथ्या पवित्र्यात, ६०० पैकी ५९७ गुण करून तिनं सुवर्णपदक घेतलं. जागतिक विजेती ठरलेली ती पहिली भारतीय महिला नेमबाज. कोल्हापूरच्या दुधाळी रेंजवर तिचा सराव सुरू झाला. राही सरनोबत पिस्तुलाची. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात तिनं सुवर्णपदक जिंकलं. पिस्तुलाला दस्ता नसतो, पण त्याची लाकडी मूठ तर हाताच्या मापानं घासावीच लागते. कुठं लाकूड काढायचं, कुठं पुट्टी भरायची, यात पिस्तुलवाल्यांचे तास जातात. शाहू मानेनं २०१८ च्या युवा ऑलिंपिकमध्ये एअर रायफलचं रौप्य आणलं. एवढ्या एका जिल्ह्यातून एवढे नेमबाज. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचं कांस्य जिंकणारे खाशाबा जाधवही राजाराम कॉलेजचे विद्यार्थी, म्हणजे या मातीतलेच. त्यांच्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला बहात्तर वर्षं लागली आणि ते रायफलनं मिळालं.

मुरगूड हे कागल तालुक्यातलं वेदगंगेकाठचं गाव. निपाणीहून राधानगरीकडे जाणारा रस्ता इथूनच जातो. खेळात गावाची ओळख कुस्तीची; सदाशिवराव मंडलिक यांच्या नावाचं कुस्ती संकुल इथं आहे आणि मुलींच्या कुस्तीत या संकुलानं मोठं काम केलं आहे. नेमबाजीची रेंज इथं नाही, त्यासाठी कोल्हापूर गाठावं लागतं. पण पॅरिसनंतर आसपासच्या गावांतून पालक विचारू लागले आहेत, की पोराला रायफल द्यायची तर कुठली, केवढ्याची आणि त्याच्या अंगाला ती बसेल का. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं दुकानदार देतो. तिसरा प्रश्न तसाच राहतो. माझं म्हणणं असं, की त्याचं उत्तर मुरगुडातल्या सुतारमेटावर मिळू शकतं. त्यासाठी परदेशी यंत्र लागत नाही. पट्ट्या, प्लाय, नट-बोल्ट आणि जुने एक्स-रे एवढं पुरतं.

बंदूक अंगाला बसवायचा विचार आपल्याकडे जुन्या काळीही होता, पण वेगळ्या रीतीनं. तोड्याच्या बंदुका बघितल्या तर त्यांचे दस्ते सरळ, अरुंद, बहुधा पाचकोनी छेदाचे दिसतात. युरोपी बंदुकीसारखा खांद्याकडे खाली उतरणारा रुंद दस्ता त्यांना नसतो. अशा दस्त्यावर माणसाला स्वतःला बसवून घ्यावं लागे. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातल्या शहाजी छत्रपती संग्रहालयात जुनी हत्यारं आणि शिकारीच्या बंदुका मांडलेल्या आहेत. पुढे कधी गेलात तर नळ्यांवरच्या नक्षीइतकंच दस्त्यांच्या उताराकडेही लक्ष द्या. शिकारी बंदुकीचा दस्ता गालाखाली किती उतरतो आणि खांद्याशी किती, हे नुसत्या नजरेलाही कळतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला इंग्लंडातल्या बंदूकवाल्यांनी या मापासाठी एक खास बंदूकच केली. तिचा दस्ता स्क्रूंनी लांब-आखूड, वर-खाली आणि डावा-उजवा करता येई. गिऱ्हाईक ती खांद्याला लावून उभं राहायचं, कारागीर स्क्रू फिरवायचा आणि माप जुळलं की ते आकडे लिहून घ्यायचा. त्यावरून अक्रोडाच्या ओंडक्यातून दस्ता निघायचा.

ते तंत्र श्रीमंतांच्या शिकारीसाठी होतं. आता आपल्या हातात असलेली साधनं बघा. कोल्हापूरचं उद्यमनगर ओतकामासाठी देशभर ओळखलं जातं. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्यासारख्या कल्पक माणसांनी तिथं इंजिनं आणि यंत्रं घडवायला सुरुवात केली आणि त्यातून फाउंड्र्या उभ्या राहिल्या. ओतकामाला आधी लाकडी पॅटर्न लागतो. बिडाचं ओतीव थंड होताना मीटरमागे सुमारे दहा मिलिमीटर आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा आणि त्यासाठी आकस धरून आखलेली वेगळी पट्टी वापरायची. हे काम करणारे पॅटर्नमेकर सागवान घासताना पत्र्याचे फर्मे लावून वळण तपासतात. मशीन शॉपमध्ये तर कामगाराला आकडाही वाचावा लागत नाही. गो आणि नो-गो गेज असतं. एक बाजू भोकात गेली पाहिजे, दुसरी जाता कामा नये. दोन्ही झालं की माल पास. मिरजेचे तंतुवाद्य कारागीर, ज्यांच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही लाकूड किती पातळ झालं हे बोटांनी, वाजवून आणि कॅलिपर लावून ठरवतात. म्हणजे दस्त्याला लागणारी सगळी अक्कल या पट्ट्यात आधीपासून आहे. ती फक्त एका ठिकाणी आणायची आहे.

मुरगुडातल्या एका मिस्त्रींच्या पडवीत मी हा विषय काढला. वडिलांच्या काळात औतं, कुळव आणि पाभरी करायचे. आता दारं, खिडक्या आणि किचनच्या ट्रॉल्या. मी मिलिमीटर सांगू लागलो, तर ते म्हणाले, ‘सर, सुतात सांगा की.’ आठ सुतांचा इंच, म्हणजे एक सूत तीन मिलिमीटरहून थोडं जास्त. दारासाठी अर्ध्या सुताचा हिशेब भरपूर झाला, दस्त्याला तो पुरत नाही. मग मी आकडे सोडले आणि एक्स-रेच्या फिल्ममधून कापलेला एक अर्धगोल फर्मा त्यांच्या हातात दिला. तो त्यांनी लाकडाच्या एका तुकड्यावर टेकवला, उजेडासमोर धरला, फटीतून येणारा प्रकाश बघितला आणि काही न बोलता कानस उचलली. तीन-चार हात मारले, पुन्हा फर्मा लावला. पाचेक मिनिटांत प्रकाश दिसेनासा झाला. अर्ध्या मिलिमीटरच्या आतलं काम त्यांनी कुठलाही आकडा न वाचता केलं होतं.

फर्म्याचा खरा उपयोग हाच. माप एकदाच घ्यायचं, तेही नेमबाज आणि प्रशिक्षकानं मिळून, सावकाश. त्यानंतर ते माप फर्म्यात बसतं आणि सुताराला फक्त लावून बघायचं असतं. लाकूड जास्त आहे का, बरोबर आहे का, की जास्त काढलं गेलं, एवढंच त्याला कळायला हवं.

पहिलं माप लांबीचं, म्हणजे चापापासून बटप्लेटच्या मध्यापर्यंतचं अंतर. मोठ्या माणसासाठीच्या कारखानी रायफलीत ते साधारण ३४ ते ३६ सेंटिमीटर असतं. एक जुनी रीत अशी, की कोपर काटकोनात वाकवायचं, कोपराच्या आतल्या घडीपासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंत मोजायचं आणि तीच दस्त्याची लांबी धरायची. सुरुवातीला अंदाज म्हणून ठीक, पण त्यावर दस्ता कापू नये. नेमबाज जाड जॅकेट घालतो. नियमाप्रमाणे त्याच्या कापडाची जाडी एकेरी २.५ मिलिमीटरपर्यंत असू शकते आणि खांद्याजवळच्या पट्ट्यांनी अजून फरक पडतो. मान लांब असेल तरी माप बदलतं. म्हणून लांबीची काठी करावी. दीड फूट लांबीची सरळ पट्टी घ्यायची, एका टोकाला चापाच्या वळणाचा लाकडी खुंटा ठोकायचा आणि दुसऱ्या बाजूला खाचेतून सरकणारी, विंग नटनं आवळता येणारी आडवी फळी बसवायची. मुलानं जॅकेट घालून, नेहमीच्या पवित्र्यात उभं राहून ती खांद्याला लावायची आणि बोट खुंट्यावर सहज पोचेपर्यंत फळी सरकवायची. नट आवळला की काठी थेट सुताराकडे जाते. वाढत्या वयाच्या मुलासाठी दस्ता थोडा आखूडच ठेवावा आणि बटप्लेटच्या मागे पाच-पाच मिलिमीटरच्या प्लायच्या चकत्या घालत जावं. दर सहा महिन्यांनी काठी पुन्हा लावून बघितली की किती चकत्या घालायच्या ते कळतं.

दुसरं माप उताराचं, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं. नळीची रेषा मागे वाढवली, तर त्या रेषेखाली गालाची कड किती आणि खांद्याचं टोक किती, हे यात येतं. गालाची कड खाली असेल तर मूल मान उचलून साइट शोधतं. वर असेल तर गाल दाबून धरतं आणि श्वासाबरोबर रायफल हलते. यासाठीचं गेज मुरगुडात कुणीही करू शकेल. स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याकडून एक इंची चौकोनी ॲल्युमिनियमचा सरळ तुकडा घ्या, तीन फूट लांबीचा. तो नळीवर दोन ठोकळ्यांवर ठेवायचा. इथं एक बारकावा आहे. नळी पुढे निमुळती होत जाते. मागे तिचा व्यास २२ आणि पुढे १८ मिलिमीटर असेल, तर पुढचा ठोकळा दोन मिलिमीटर उंच लागतो, तरच पट्टी नळीच्या मधल्या रेषेला समांतर राहते. हे विसरलं तर पुढची सगळी मापं चुकतात. मग पट्टीच्या मागच्या भागात दोन भोकं पाडायची, एक गालाच्या जागी आणि एक खांद्याच्या टोकावर, आणि त्यांतून उभे सरकणारे सहा मिलिमीटरचे बोल्ट सोडायचे. ज्या रायफलवर मुलाचा गाल नीट बसतो, तिच्यावर हे गेज ठेवून बोल्ट लाकडाला टेकेपर्यंत खाली आणायचे आणि आवळायचे. आता नव्या दस्त्यावर ते ठेवा. बोल्ट आधी टेकला आणि पट्टी ठोकळ्यावर बसेना, तर अजून लाकूड काढायचं आहे. पट्टी बसली आणि बोल्टखाली फट राहिली, तर लाकूड जास्त गेलं. गालाच्या कडेला मी नेहमी सुरुवातीला थोडं लाकूड जास्त ठेवायला सांगतो, कारण गेलेलं परत आणता येत नाही.

तिसरं काम आडव्या छेदांचं. दस्ता म्हणजे सतत बदलणारा आकार. पुढचा भाग, मूठ, मनगटाची जागा, गाल. नजरेनं हे सगळं सारखं करणं अनुभवी माणसालाही जड जातं. इथं अर्धे फर्मे कामी येतात. ओंडक्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूला मधोमध एक रेघ मारायची. ती शेवटपर्यंत पुसू द्यायची नाही. पुसली तर लगेच पुन्हा मारायची. मग दर इंचाला आडवी खूण करून प्रत्येक खुणेला त्या ठिकाणच्या छेदाचा अर्धा फर्मा कापायचा. वरच्या टोकाला बारीक खाच ठेवायची, जी मधल्या रेघेवर बसेल. फर्मा डाव्या बाजूला लावायचा, मग उलटा करून उजव्या बाजूला. एकाच फर्म्यानं दोन्ही बाजू तपासल्या तर त्या एकमेकींसारख्याच होतात. गालाचा भाग मात्र उजव्या हाताच्या नेमबाजाला फक्त डावीकडे लागतो, त्यामुळे तिथले फर्मे एकाच बाजूचे. प्रत्येकावर मार्करनं आकडा आणि बाणाची दिशा लिहिली नाही, तर दुसऱ्या दिवशी ते ओळखता येत नाहीत.

फर्मे कशाचे करायचे? पुठ्ठ्याचे करू नयेत. आपल्याकडे जूनपासून हवा दमट असते, पुठ्ठा फुगतो आणि कडा मऊ पडतात. लाकडाची पातळ पट्टीही तंतूंच्या आडव्या दिशेला हलते. माप धरून ठेवणारी वस्तू स्वतः बदलता कामा नये. जुना एक्स-रे या कामाला उत्तम. त्याची फिल्म पॉलिएस्टरची असते, दमटपणानं तिच्यात फारसा फरक पडत नाही, कात्रीनं सफाईदार कापता येते आणि आरपार दिसतं. ती तीन मिलिमीटरच्या प्लायवर चिकटवली की फर्मा ताठ राहतो. ज्यांना जास्त टिकाऊ हवं त्यांनी ॲक्रिलिक किंवा पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा घ्यावा.

मुठीचा आकार कागदावर काढता येत नाही. तो हातातच शोधावा लागतो. ओबडधोबड कापलेल्या मुठीवर चिकणमाती किंवा मुलांची खेळायची क्ले लावायची आणि मुलाला नेहमीसारखं धरायला सांगायचं. बोटांचे, तळव्याचे ठसे उमटले की त्यांवर सोल्डरची जाड तार दाबून वळण घ्यायचं. ही तार मऊ असल्यामुळे परत उलगडत नाही, दिलेलं वळण तसंच धरून ठेवते. ते वळण फिल्मवर उतरवून कापलं की मुठीचा फर्मा तयार. मुठीच्या जागी लाकडाचे तंतू तिच्या दिशेनं धावले पाहिजेत, हे मात्र कुठलाही फर्मा सांगत नाही. तंतू आडवे गेले तर मूठ तिथंच मोडते. ओंडका निवडतानाच सुतारानं हे बघायचं असतं.

स्पर्धेचे नियम धरून एक गेज प्रत्येक क्लबमध्ये असायलाच हवं. आंतरराष्ट्रीय नियमांत दस्त्याच्या पुढच्या भागाची आणि चीकपीसची, म्हणजे गाल टेकायच्या भागाची, जाडी ६० मिलिमीटरपर्यंत चालते आणि एअर रायफलचं एकूण वजन साडेपाच किलोच्या वर जाता कामा नये. प्लायमध्ये बरोबर ६० मिलिमीटरची खाच कापून ठेवा. दस्ता त्या खाचेत गेला तर ठीक. अडला तर स्पर्धेच्या तपासणीतही अडणार. उद्यमनगरच्या नो-गो गेजचंच हे रूप. नियम बदलत असतात, म्हणून स्पर्धेआधी चालू नियमपुस्तिका बघून खाच पुन्हा तपासावी.

लाकूड कुठलं, यावर सुतारांची मतं ठाम असतात. जगात अक्रोड मान्यता पावलेलं, कारण ते कठीण असूनही हलकं, पटाशीला गोड आणि फार हलत नाही. आपल्याकडे काश्मीरचं अक्रोड मिळतं, पण महाग. सागवान स्थिर असतं आणि पॅटर्नमेकरांच्या हाताला सवयीचं; मात्र ते हत्यारांची धार लवकर घालवतं. शिवण हलकी आणि कोरायला सोपी. मुलांच्या दस्त्यासाठी ती मला सगळ्यांत योग्य वाटते, कारण वजनाला मर्यादा आहे आणि बारा वर्षांच्या मुलीला जड रायफल धरून उभं करणं म्हणजे तिची पाठ बिघडवणं. बाभूळ चिवट पण जड. ती खोऱ्या-कुदळीच्या दांड्यालाच शोभते. आंब्याचं स्वस्त लाकूड नव्या सुतारानं सरावासाठी घ्यावं, पण दस्त्यासाठी ठेवू नये. किडतं आणि वाकतं.

पाऊस हा दस्त्याचा मोठा शत्रू. राधानगरीच्या बाजूला पावसाळ्यात कपडे आठवडाभर वाळत नाहीत, तिथं लाकूड तरी कसं स्थिर राहील? लाकूड तंतूंच्या लांबीत जवळजवळ हलत नाही, पण आडव्या दिशेनं फुगतं. ४५ मिलिमीटर रुंदीचा दस्ता एक टक्का फुगला, तर जवळजवळ अर्धा मिलिमीटर झाला. हे फुगलेलं लाकूड नळीला एका बाजूनं दाबू लागलं की नेम सरकतो आणि मूल बिचारं आपला श्वास तपासत बसतं. यावर जुना, पक्का उपाय असा, की नळी दस्त्याला कुठंच टेकू द्यायची नाही. फक्त मागची ॲक्शन, म्हणजे नळी ज्यात बसते तो धातूचा भाग, आधारावर घट्ट बसते. हे तपासायचं गेज म्हणजे दोन घड्या घातलेला कागद किंवा जुनं व्हिजिटिंग कार्ड. ते नळी आणि लाकडाच्या मधून पुढून मागेपर्यंत अडखळल्याशिवाय सरकलं पाहिजे. ॲक्शनची बैठक बसवताना धातूला पातळ काजळ आणि तेल लावून दाबायचं. लाकडावर जिथं काळं उमटेल तिथं ते उंच आहे, तिथंच हलकेच काढायचं. आपल्या मशीन शॉपमध्ये मार्किंग ब्लू लावून मॅचिंग करतात, तेच हे. खाचेची खोली मोजायला पट्टीतून आरपार बसवलेला एक बोल्ट पुरतो. बोल्टचं टोक जिथं पोचायला हवं तिथं लॉकनट आवळून ठेवायचा. काम झालं की दस्त्याला, विशेषतः बटप्लेटखालच्या कापलेल्या टोकाला, तेल किंवा पॉलिशचे पुरेसे हात द्यावेत, कारण पाणी त्या उघड्या टोकातूनच जास्त शिरतं.

कायद्याबद्दल एवढंच, की २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीच्या ४.५ मिलिमीटर एअर रायफलला परवाना लागत नाही, .२२ च्या रायफलला लागतो. त्यामुळे सुतारानं आपलं काम एअर रायफलपुरतं ठेवावं आणि धातूचा भाग बाजूला करून फक्त लाकूड हातात घ्यावं. .२२ च्या बाबतीत परवानाधारक आणि त्याचा शस्त्रकारागीर यांच्याशिवाय कुणी हात लावू नये.

कुणी विचारेल, की आता बहुतेक मोठे नेमबाज ॲल्युमिनियमचे, स्क्रूंनी कमी-जास्त होणारे दस्ते वापरतात, मग लाकडाचा हा खटाटोप कशाला? दोन कारणं मला महत्त्वाची वाटतात. ॲल्युमिनियमच्या दस्त्यावरही मूठ आणि चीकपीस बऱ्याचदा लाकडाचेच असतात आणि ते हातानंच घासून बसवतात. शिवाय गावाकडच्या मुलाच्या हातात पहिल्यांदा येते ती क्लबची जुनी लाकडी दस्त्याची एअर रायफल. ती आळीपाळीनं चार मुलं वापरतात, चौघांची अंगं वेगळी, आणि त्या सगळ्यांना सांगितलं जातं, की रायफल अशीच असते, तुम्ही जुळवून घ्या. मला हे पटत नाही. मुलाचं शरीर वाढत असतं. चुकीच्या दस्त्यानं एकदा मान वाकडी धरायची सवय लागली की ती मोडायला वर्षं जातात. प्रशिक्षकाला त्या सवयीशी झगडावं लागतं आणि खर्च मात्र झालेला असतो दस्ता न घासण्याचा.

म्हणून माझी मागणी साधी आहे. कोल्हापुरातल्या प्रत्येक रायफल क्लबनं आणि ज्या शाळेत एअर रायफल आहे अशा प्रत्येक शाळेनं एक पेटी ठेवावी : लांबीची काठी, उताराचं गेज, ६० मिलिमीटरची खाच, बोल्टचं खोलीमापक आणि अर्ध्या फर्म्यांसाठी फिल्मचे तुकडे. प्रत्येक मुलाचं एक कार्ड असावं, त्यावर तारीख घालून चार मापं, आणि सहा महिन्यांनी पुन्हा. तालुक्याच्या आयटीआयमध्ये सुतारकाम शिकणाऱ्या मुलांना वर्षात एक दस्ता, निदान एक चीकपीस, फर्मे लावून करायला द्यावा. टेबलाच्या पायांपेक्षा त्यात त्यांच्या हाताची परीक्षा जास्त होईल. आणि सुतार मंडळींना एक सांगणं : मिलिमीटर येत नाहीत म्हणून हे काम नाकारू नका. प्रशिक्षकाकडून फर्मा मागून घ्या, उजेडासमोर धरा आणि फट बुजेपर्यंत घासा. घरात जुने एक्स-रे पडले असतील, तर ते रद्दीत न टाकता जवळच्या क्लबला नेऊन द्या.